जुन्या मॅग्नेपॅनचा (डब्याऐवजी उभ्या, पातळ पॅनेलच्या स्पीकरचा) बेस कमी वाटतो. कपॅसिटर बदलू की अँप्लिफायर?

कपॅसिटर, म्हणजे स्पीकरच्या आतले जाड-बारीक सूर वाटून देणारे भाग, राहू द्या. तुम्हीच लिहिलंय की घोडबंदर रोडला फ्लॅट आहे, हॉल 11 बाय 17, आणि पुढे घेतले की बाल्कनीची वाट अडते म्हणून पॅनेल भिंतीपासून फूटभरच ठेवलेत. मग बेस येणार कुठून? आधी ते भिंतीपासून 3 फुटांवर आणा, आठवडाभर ऐका, मग खर्चाचं बोलू.

पॅनेल मागेही पुढच्याइतकाच आवाज फेकतं, पण उलट्या फेजमध्ये, म्हणजे पुढची लाट हवा ढकलते तेव्हा मागची ओढते. तो भिंतीवर आपटून पुढच्या आवाजात मिसळतो. फूटभर अंतर असेल तर साधारण 280 हर्ट्झला सगळ्यात जास्त जोर येतो, आणि तिथून खाली उतरत गेलं की दोन्ही लाटा एकमेकींना खायला लागतात. काळी एकला लावलेला तबला बरोबर तिथेच बोलतो. म्हणून तुमचा तबला ठणठणत असणार आणि डग्गा गायब असणार. 3 फुटांवर तोच जोर 95 हर्ट्झपर्यंत खाली येतो. एवढा फरक कुठलाही कपॅसिटर देत नाही.

आमच्याकडे यावरून घरात वाद झालेत, म्हणून एवढं लिहितेय. बाबांचे मॅग्नेपॅन नेरूळला आमच्या सिडकोच्या फ्लॅटमध्ये आहेत. एका पावसाळ्यात उजवं पॅनेल फरफरायला लागलं. तानपुरा सुरू झाला की खर्जाला पतंगाचा कागद फाटल्यासारखा आवाज. ज्याला दाखवलं त्या दुकानदाराने कापडही न काढता सांगून टाकलं, पॅनेल गेलं, नवीन घ्या. दादा पुण्याहून फोनवर तेच म्हणाला: मिनेसोटाच्या थंडीतली वस्तू, खाडीकाठच्या दमट हवेत टिकायची नाही, विकून टाका. शिवाय ह्याला बंगल्याचा हॉल लागतो, फ्लॅटमध्ये कसले पॅनेल लावता!

मी पॅनेल जेवणाच्या टेबलावर आडवं घातलं, कापडाच्या स्टेपल पिना एकेक उचकटल्या आणि आत पाहिलं. फिल्म, म्हणजे थरथरून आवाज काढणारा प्लास्टिकचा पातळ पडदा, धड होती. तिच्यावर अॅल्युमिनियमची बारीक तार वर-खाली फिरवून चिकटवलेली असते, तीच वीतभर सुटून हवेत लोंबत होती. गोंद वाळून पिवळा पडला होता, बोट लावलं की भुगा. कापसाच्या काडीने तो हलक्या हाताने काढला, तार जागेवर बसवली आणि पाण्यातल्या कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हचा ब्रशने पातळ हात दिला. आसपासच्या तारांनाही दिला, कारण एक सुटली म्हणजे शेजारच्याही सुटायच्या वाटेवर असतात. रात्रभर सुकू दिलं. सकाळी बाबांनी मल्लिकार्जुन मन्सूर लावले आणि फरफर गेलेली होती. तेव्हापासून कितीतरी पावसाळे गेले, ते पॅनेल वाजतंय. दमट हवेत गोंद लवकर जातो हे खरंच आहे, पण म्हणून अख्खं पॅनेल मोडीत काढायचं नसतं. तुमच्याकडे फरफर होत असेल तर अपग्रेडआधी हे बघा.

आणि फ्लॅटचं म्हणाल तर दादाचं म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. पॅनेलचा आवाज बाजूंना जवळजवळ जातच नाही, तिथे पुढचा-मागचा एकमेकांना मारतो. त्यामुळे 10-11 फूट रुंदीच्या हॉलमध्ये बाजूच्या भिंती साध्या डब्याच्या स्पीकरला जितका त्रास देतात तितका ह्यांना देत नाहीत. अरुंद हॉल चालतो, मागे जागा हवी. आमच्याकडे फरशीवर काळ्या टेपच्या खुणा आहेत. ऐकायचं असलं की पॅनेल खुणेवर, पाहुणे आले की मागे. पायांखाली फेल्ट लावा, एकट्याने सरकतात. मागच्या भिंतीवर जाड पडदे लावून सगळा आवाज शोषून घेऊ नका, पुस्तकांचं कपाट उत्तम.

अँप्लिफायरचं थोडक्यात: मॅग्नेपॅन 4 ओहमचे आणि पॉवर खाणारे असतात. एव्ही रिसीव्हरवर (टीव्ही-सिनेमासाठीच्या सगळं-एकात अँपवर) चालवत असाल तर पैसे तिथे घाला, 4 ओहमला भरपूर करंट देणारा अँप घ्या, सेकंडहँड चालेल. कपॅसिटर तेव्हाच बदला जेव्हा जुने इलेक्ट्रोलिटिक सुकलेत असं मोजून कळलं असेल. दादाने स्वतःच्या स्पीकरमध्ये महागडे फिल्म कपॅसिटर घातलेत आणि ते स्पीकर आजही भिंतीला टेकून आहेत. बाबांनी पुण्यात जाऊन ऐकले आणि डग्गा कुठे आहे म्हणून विचारलं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. तार चिकटवताना ओढू नका. तुटली तर अॅल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, मग काम खरंच अवघड होतं. आणि हे सगळं मॅग्नेपॅनसारख्या चुंबकी पॅनेलबद्दल आहे. कुणाकडे क्वाडसारखे इलेक्ट्रोस्टॅटिक असतील तर त्यांनी माझं वाचून कापड काढायला जाऊ नये. आत काही हजार व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. ते जाणत्या माणसाकडेच न्या.