नवीन नेक्सॉन ईव्हीची सवय कशी करायची, पाय गोंधळतात आणि सीटपण वेगळी वाटते?

मॅन्युअल गिअरच्या गाडीवरून आलात ना, मग डावा पाय क्लच शोधणारच, पण इथे क्लच नसतो, म्हणून त्याला सरळ बाजूला टेकवून ठेवा आणि ब्रेकला फक्त उजवाच पाय, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण क्लच दाबायच्या सवयीने डावा पाय ब्रेकवर पडला तर गाडी जागीच थांबते, मागून कोणी येत असेल तर डेंजर आहे. रीजन (म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप हळू होते आणि बॅटरी थोडी चार्ज होते ते) स्टीअरिंगमागच्या पॅडलने 0 ते 3 होतो, सुरुवातीला 1 वरच चालवा, 3 वर ॲक्सिलरेटर एकदम सोडला की सगळ्यांना झटका बसतो.

बॅटरी फ्लोअरखाली असते म्हणून मागच्यांचे गुडघे जरा वर येतात. तुमची सीट मात्र नीट लावा, ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला पाहिजे. टचस्क्रीनवरचं सगळं गाडी उभी असतानाच शिकून घ्या प्लीज.