वाचकांचे प्रश्न : पेटंट नेमके कशाचे मिळते?

इलेक्ट्रॉनिक्स, वैद्यकीय उपकरणे आणि माहिती साठवण्याची साधने यांच्या पेटंटांविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पेटंट म्हणजे ‘हा शोध याच माणसाने प्रथम लावला’ असे सरकारने दिलेले प्रशस्तिपत्र, ही समजूत बहुतेक पत्रांच्या मुळाशी दिसते. ही समजूत आधी दूर करायला हवी. अर्जात जे लिहून मागितले आहे तेवढे, ज्या देशात मागितले त्या देशात आणि ठरावीक मुदतीपर्यंत इतरांना करण्यापासून रोखण्याचा हक्क, एवढाच पेटंटचा अर्थ आहे.

प्रश्न : इंटिग्रेटेड सर्किटच्या शोधाचे श्रेय जॅक किल्बी आणि रॉबर्ट नॉइस या दोघांना देतात आणि अमेरिकेत दोघांच्याही नावावर पेटंट होते, असे वाचले. एकाच वस्तूचे पेटंट दोघांना कसे मिळते?

उत्तर : पेटंट वस्तूला मिळत नाही. अर्जाच्या शेवटी क्रमांक घालून जे दावे लिहिलेले असतात, त्यांना ते मिळते. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात, तसेच हे दावे असतात. त्यांच्या आत जे येते ते आपले आणि बाहेर राहिले ते कितीही जवळचे असले तरी आपले नाही. किल्बी आणि नॉइस यांचे दावे एकमेकांना लागून होते, पण एकच नव्हते.

किल्बी १९५८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये नव्याने रुजू झाले होते. त्या उन्हाळ्यात बहुतेक सहकारी सुटीवर गेले, पण त्यांची स्वतःची सुटी अजून जमा झालेली नसल्यामुळे ते प्रयोगशाळेतच राहिले. ट्रान्झिस्टर, रेझिस्टर आणि कपॅसिटर हे सगळेच भाग अर्धवाहक पदार्थापासून बनवता येत असतील, तर ते एकाच तुकड्यात का बनवू नयेत, हा विचार त्यांना त्या काळात सुचला. १२ सप्टेंबर १९५८ रोजी त्यांनी जर्मेनियमच्या एका छोट्या पट्टीवरचा ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक लयीत विद्युतसंकेत देणारे सर्किट, चालवून दाखवला. भाग एकाच तुकड्यात होते, परंतु त्यांना जोडणाऱ्या सोन्याच्या बारीक तारा कमानीसारख्या वरून नेऊन हाताने लावलेल्या होत्या. ६ फेब्रुवारी १९५९ रोजी दाखल झालेल्या अर्जातील आकृतीतही या तारा तशाच दिसतात. भागांची संख्या वाढली की अशी हातजोडणी अशक्य होते, हे उघड होते.

फेअरचाइल्ड कंपनीतील नॉइस यांनी नेमकी हीच अडचण सोडवली. त्यांचे सहकारी जाँ होर्नी यांनी सिलिकॉनच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर न काढता तसाच ठेवण्याची पद्धत बसवली होती. हा थर विद्युतरोधक असल्यामुळे त्यात हव्या त्या ठिकाणी छिद्रे ठेवून वरून धातूचे पट्टे बसवले, तर जोडणीही त्याच प्रक्रियेत होऊन जाते, असे नॉइस यांनी ३० जुलै १९५९ च्या अर्जात मांडले. त्यांना पेटंट १९६१ मध्ये मिळाले आणि किल्बी यांना १९६४ मध्ये.

वाद पेटला तो जोडणीच्या दाव्यावरून. तारांऐवजी विद्युतरोधक थरावर सोन्यासारखा वाहक पदार्थ घालता येईल, असे एक वाक्य किल्बी यांच्या अर्जातही होते. प्रथम शोध लावणाऱ्याला हक्क देण्याचा नियम तेव्हा अमेरिकेत असल्यामुळे (तो २०१३ मध्ये बदलला आणि आता अर्जाची तारीख पाहिली जाते) हे एक वाक्य निर्णायक ठरण्यासारखे होते. १९६७ मध्ये पेटंट कार्यालयाच्या मंडळाने किल्बी यांच्या बाजूने निर्णय दिला. १९६९ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला, कारण तो धातू ऑक्साइडच्या थराला घट्ट चिकटून राहील असा अर्थ त्या वाक्यातून निश्चितपणे निघत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. अर्थात दोन्ही कंपन्यांनी १९६६ मध्येच परस्परांना परवाने देण्याचे मान्य केले होते. निकालाने धंद्यात फारसे बदलले नाही आणि इतर उत्पादकांना दोघांकडूनही परवाना घ्यावा लागला.

किल्बी यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा नॉइस हयात नव्हते. आजच्या चिपमध्ये किल्बींची कल्पना आणि नॉइस यांची जोडणी एकत्र नांदतात, त्यामुळे श्रेय दोघांना देण्याची प्रथा मला न्याय्य वाटते.

प्रश्न : बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजण्याचे उपकरण एका जपानी अभियंत्याने शोधले, तरी अमेरिकेतील पेटंट मात्र दुसऱ्याच जपानी कंपनीला मिळाले, हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. त्यामागचे तांत्रिक काम इतके सुंदर आहे की आधी त्याविषयी थोडे सांगतो.

निहोन कोहदेन कंपनीतील ताकुओ आओयागी यांना खरे तर ऑक्सिजन मोजायचा नव्हता. शिरेत रंगद्रव्य टोचायचे आणि ते रक्तात किती लवकर विरळ होते यावरून हृदय किती रक्त पुढे ढकलते हे ठरवायचे, अशी एक रूढ पद्धत होती. त्यासाठी वारंवार रक्त काढावे लागू नये, म्हणून कानाच्या पाळीतून प्रकाश आरपार सोडून रंगद्रव्याचे प्रमाण मोजण्याचा त्यांचा प्रयत्न होता. प्रत्येक ठोक्यासरशी पाळीत येणाऱ्या रक्तामुळे आलेखावर लाटा उठत आणि मोजमाप बिघडत असे. आओयागींनी तांबडा आणि अवरक्त असा दोन तरंगलांबींचा प्रकाश वापरून, दोन्ही संकेतांचा मेळ घालून त्या लाटा एकमेकींत विरवून टाकल्या. पण रक्तातील ऑक्सिजन कमी झाला की हा मेळ सुटून लाटा पुन्हा दिसू लागत.

ही अडचण म्हणजेच मोजमापाचे साधन आहे, हे त्यांनी ओळखले. त्वचा, हाड आणि नीलांमधील रक्त प्रकाश शोषतात तो जवळजवळ सारखाच राहतो. ठोक्याबरोबर बदलतो तो फक्त धमन्यांतील रक्ताचा वाटा. केवळ बदलणाऱ्या भागाचे दोन तरंगलांबींवरील गुणोत्तर घेतले, तर त्वचेचा आणि हाडाचा अडथळा आपोआप बाजूला पडतो आणि धमन्यांतील ऑक्सिजनचे प्रमाण हाती येते.

निहोन कोहदेनचा अर्ज जपानमध्ये २९ मार्च १९७४ रोजी दाखल झाला. मिनोल्टा कंपनीचे अभियंते स्वतंत्रपणे त्याच तत्त्वापर्यंत पोहोचले होते आणि त्यांचा अर्ज महिनाही उलटण्यापूर्वी, २४ एप्रिल रोजी दाखल झाला. जपानमध्ये आधीच्या तारखेमुळे निहोन कोहदेनला पेटंट मिळाले. पण तो अर्ज जपानपुरताच राहिला, तर मिनोल्टाने परदेशातही अर्ज केले आणि अमेरिकेतील पेटंट तिच्या नावावर झाले. साऱ्या जगाला लागू होईल असे एकच पेटंट तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. १८८३ च्या पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जानंतर बारा महिन्यांच्या आत इतर सदस्य देशांत अर्ज केला, तर पहिलीच तारीख तिथेही धरली जाते. ती सवलत वापरली नाही, तर त्या तारखेचा फायदा परदेशात मिळत नाही. आता १९७० च्या पेटंट सहकार्य कराराखाली एक आंतरराष्ट्रीय अर्ज करून देशोदेशीच्या कार्यवाहीसाठी पहिल्या तारखेपासून साधारणपणे तीस महिने मिळवता येतात. तरीही अखेरीस मंजुरी प्रत्येक देशाचे किंवा प्रदेशाचे कार्यालयच देते.

प्रश्न : मी पदव्युत्तर संशोधन करते. निष्कर्ष आधी शोधनिबंधात प्रसिद्ध करावेत की आधी पेटंटसाठी अर्ज करावा?

उत्तर : व्यवहारात उपयोग होण्याची थोडीही शक्यता दिसत असेल, तर आधी अर्ज करावा आणि निबंध दुसऱ्याच दिवशी पाठवावा. अर्जामुळे निबंध अडत नाही, निबंधामुळे मात्र अर्ज अडतो. युरोपात अर्जापूर्वी झालेली स्वतःची प्रसिद्धीसुद्धा सामान्यतः पेटंटसाठी लागणारी नवीनता नष्ट करते. अमेरिकेत एक वर्षाची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहिल्यास इतर देशांतील हक्क हातचे जातात. परिषदेतील भाषण आणि भिंतीवर लावलेले पोस्टर हीदेखील प्रसिद्धीच होय.

हार्ड डिस्कच्या इतिहासातले एक उदाहरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. लोह आणि क्रोमियम यांचे काही अब्जांश मीटर जाडीचे थर एकावर एक रचले, तर लोहाच्या थरांतील चुंबकत्वाच्या दिशा समांतर आहेत की विरुद्ध, त्यानुसार विद्युतरोध बराच बदलतो. हा परिणाम फ्रान्समधील अल्बेर फेर आणि जर्मनीतील युलिश येथील पीटर ग्रुनबर्ग यांच्या गटांना १९८८ मध्ये स्वतंत्रपणे आढळला. फेर यांच्या गटाचा निबंध आधी प्रसिद्ध झाला आणि त्यांनी मोजलेला बदलही मोठा होता. ग्रुनबर्ग यांनी मात्र निबंधाआधी पेटंटचा अर्ज दाखल केला. चकतीवरील अतिशय दुबळे चुंबकीय ठसे वाचण्यासाठी १९९७ पासून या परिणामावर चालणारी वाचनशीर्षे हार्ड डिस्कमध्ये आली आणि परवान्यांचे उत्पन्न युलिशच्या संस्थेकडे गेले. नोबेल पारितोषिक २००७ मध्ये दोघांना मिळून मिळाले. त्या समितीने अर्जाची तारीख पाहिली नाही, पेटंट कार्यालय तेवढीच पाहते.

प्रश्न : नोकरीत असताना लावलेल्या शोधाचा मालक कोण? शोधकाला काहीच मिळत नाही का?

उत्तर : पेटंटवर शोधक म्हणून नाव माणसाचेच लागते, मालकी मात्र बहुधा कंपनीची असते. अमेरिकेत हा प्रश्न मुख्यतः नेमणुकीच्या करारातच मिटवलेला असतो. जर्मनीत मात्र शोधक कर्मचाऱ्याला वाजवी मोबदला देण्याविषयी १९५७ पासून स्वतंत्र कायदा आहे.

जपानमध्ये यावरून मोठे खटले झाले. तोशिबा कंपनीत फ्लॅश मेमरी विकसित करणारे फुजिओ मासुओका यांनी १०० कोटी येनचा दावा लावला आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. निळ्या प्रकाशाच्या एलईडीसाठी पुढे नोबेल मिळवणारे शुजी नाकामुरा यांना निचिया कंपनीने आरंभी वीस हजार येन दिले होते. २००४ मध्ये न्यायालयाने २००० कोटी येन देण्याचा आदेश दिला आणि पुढच्या वर्षी सुमारे ८४ कोटी येनवर समेट झाला. त्यानंतर जपानने कायदा बदलत नेला; २०१५ च्या दुरुस्तीनुसार आधी तसे ठरले असेल, तर हक्क सुरुवातीपासूनच कंपनीकडे राहतो, पण शोधकाला वाजवी लाभ मिळालाच पाहिजे. मासुओकांच्या शोधावर किती उपकरणे चालतात हे पाहता त्यांना मिळालेली रक्कम मला अगदीच तोकडी वाटते. आपल्याला सांगणे एवढेच की, करारातील शोधांविषयीचे कलम सही करण्यापूर्वी वाचावे.

प्रश्न : मी शल्यचिकित्सक आहे. शस्त्रक्रियेची नवी पद्धत आणि त्यासाठी बनवलेले साधन, या दोन्हींचे पेटंट मिळेल का?

उत्तर : साधनाचे मिळू शकते. विल्सन ग्रेटबॅच यांनी शरीरात बसवण्याच्या पेसमेकरचे पेटंट १९६२ मध्ये मिळवले, ते साधनाचेच होते. हृदयाचे आवाज नोंदवणाऱ्या मंडलात (सर्किटमध्ये) दहा हजार ओहमऐवजी चुकून दहा लाख ओहमचा रेझिस्टर लागला आणि मंडल सेकंदाच्या अंतराने ठोके देऊ लागले, ही त्यांची हकिगत प्रसिद्ध आहे. कल्पना अपघाताने सुचली की प्रयत्नाने, हे पेटंट कार्यालय विचारत नाही.

पद्धतीचे उत्तर देशागणिक बदलते. युरोपात शस्त्रक्रिया, उपचार आणि शरीरावर करायच्या निदानाच्या पद्धती पेटंटयोग्य मानल्या जात नाहीत; अमेरिकेत त्यांना पेटंट मिळते. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेत टाका न घालता आपोआप मिटणाऱ्या छेदाचे पेटंट तिथल्या एका शल्यचिकित्सकाने १९९२ मध्ये घेतले आणि रॉयल्टीसाठी दुसऱ्या शल्यचिकित्सकावर दावा लावला. वैद्यकीय व्यवसायातून तीव्र विरोध झाला. १९९६ मध्ये त्या पेटंटचे वादग्रस्त दावे न्यायालयात रद्दबातल ठरले आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार केवळ शस्त्रक्रियेची पद्धत वापरल्याबद्दल डॉक्टरांकडून किंवा त्यांच्या रुग्णालयाकडून भरपाई मागता येत नाही. पेटंट असलेले साधन किंवा औषध वापरले असेल, तर ही सूट लागू नाही. हा तोडगा मला योग्य वाटतो, कारण टेबलावर रुग्ण असताना छेद कोणत्या आकाराचा घ्यावा याचा विचार परवान्याच्या चिंतेने होता कामा नये. आपण साधनासाठी अर्ज करावा आणि पद्धत खुशाल प्रसिद्ध करावी, पण अर्ज दाखल झाल्यावरच.

प्रश्न : जुन्या पेटंटमधील मंडल वापरायचे असल्यास त्याची मुदत संपली आहे हे कसे ओळखावे?

उत्तर : जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांत पेटंटची मुदत सर्वसाधारणपणे अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे असते. जुन्या अमेरिकी पेटंटांना मात्र मंजुरीपासून सतरा वर्षे मिळत, त्यामुळे केवळ अर्जाचे वर्ष पाहून चालत नाही. आयबीएमचे चुंबकीय चकत्यांच्या साठवणीचे पेटंट याचे टोकाचे उदाहरण आहे. अर्ज डिसेंबर १९५४ चा आहे. चोवीस इंची पन्नास चकत्यांवर पन्नास लाख अक्षरे साठवणारे यंत्र कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणले. मंजुरी मात्र १९७० मध्ये मिळाली. सतरा वर्षे तिथून मोजायची.

नूतनीकरणाचे शुल्क न भरल्यास पेटंट मुदतीपूर्वीही संपते. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या एस्पासनेट या विनामूल्य संग्रहात क्रमांक टाकल्यास मूळ कागद वाचता येतो आणि पुष्कळ देशांतील त्याची कायदेशीर स्थितीही दिसते. मुदत संपलेल्या पेटंटमधील मंडल कोणीही वापरू शकते, पण त्यात पुढे झालेल्या सुधारणांची वेगळी पेटंटे चालू असू शकतात. आपण जुन्या आकृतीप्रमाणे बनवले की नव्या सुधारणेसह, हे शेवटच्या पानांवरील दाव्यांशी ताडून पाहावे आणि उत्पादन विक्रीला काढण्यापूर्वी पेटंट वकिलाकडून त्या देशापुरती खात्री करून घ्यावी.