टिप कुणाला द्यायची, कुणाला नाही

पायी फिरवणारी 'मोफत' टूर आणि दोन दिवसांचं मातीकामाचं वर्कशॉप, दोन्हीकडे टिप द्यावी लागेल का, असं विचारलंय तुम्ही. माझं उत्तर: टूरला नक्की, वर्कशॉपला बहुतेक नाही.

मोफत टूर मोफत नसते. बऱ्याच ठिकाणी गाइडला पगार नसतोच. उलट आलेल्या माणसांच्या संख्येप्रमाणे तोच कंपनीला किंवा बुकिंगच्या साइटला पैसे भरतो. म्हणजे शेवटच्या चौकात कुणी हळूच सटकलं, की त्याचा भुर्दंड गाइडच्या खिशाला. इथे टिप हीच फी समजा. तेवढ्याच वेळाच्या, पैसे भरून होणाऱ्या टूरचा दर बघून ठेवा आणि त्याच्या आसपास द्या. यथातथाच वाटली तर निम्मे द्या, पण काहीच न देता निघू नका.

पैसे भरलेल्या टूरचं गणित देशागणिक बदलतं. अमेरिकेत १५ ते २० टक्के धरून चालतात. जपानमध्ये न मागता नोट पुढे केलीत तर समोरचाच अवघडतो. टक्के काढताना प्रवेश तिकिटांचे पैसे वगळा. बुकिंगमध्ये सेवाशुल्क आधीच लावलंय का तेही पाहा, पुष्कळ जण दोनदा देतात. ड्रायव्हर वेगळा असेल तर त्याचं पाकीट वेगळं. 'तुम्ही वाटून घ्या' म्हणून सगळे गाइडच्या हातात देणं मला पटत नाही. किलिमांजारोसारख्या चढाईत तर सामान वाहणाऱ्या पोर्टरपर्यंत पैसे पोचणं फार महत्त्वाचं, आणि तोच रांगेत शेवटी असतो. सरकारी संग्रहालयातल्या किंवा अभयारण्यातल्या कर्मचाऱ्याला मात्र आधी विचारा, काही ठिकाणी त्यांना घ्यायची मुभा नसते.

आता वर्कशॉप. शिकवणारी व्यक्तीच स्टुडिओची मालक असेल तर तिने आपल्या कामाची किंमत फीमध्ये लावलेली असते. तिला टिप नको. निघताना चाक धुऊन ठेवा, जमलं तर तिच्या हातचं एखादं भांडं विकत घ्या. माती मळून देणारा, भट्टी लावणारा मदतनीस पगारी असेल तर त्याला जरूर द्या.

परदेशात असाल तर तिथल्याच चलनात, नोटाच द्या. तुमच्याकडची नाणी तिथे कुणी बदलून देत नाही. निरोप घेताना, चारचौघांत आकडा न उच्चारता हातात ठेवा. गाइडचं नाव घालून लिहिलेला चांगला अभिप्रायही त्याच्या कामी येतो, फक्त तो टिपेच्या बदल्यात नको.