वुडी-स्पायसी परफ्यूम लावणारा पुरुष लोकांना कसा वाटतो?

तुम्ही विचारलंय की वय 27, बेळगावात नवी नोकरी, मित्रानं वुडी-स्पायसी, म्हणजे लाकूड आणि मसाल्याच्या वासाचं, परफ्यूम घ्यायला सांगितलंय. तर असा वास लावणारा माणूस लोकांना कसा वाटतो, आणि तुम्हाला शोभेल का.

आहे त्या वयापेक्षा थोडा मोठा आणि भरवशाचा वाटतो. जाहिरातीत कड्यावर एकटा उभा असलेला दाढीवाला गडी दाखवतात, तो आपल्याकडे कुणाच्या मनात येत नाही. खडेबाजारात आमचं अत्तर-परफ्यूमचं लहानसं दुकान आहे आणि गल्ल्यावर मीच बसतो, त्यामुळे लोक हुंगल्या हुंगल्या काय बोलतात ते कानावर पडतं. देवदार-मिरीचं काही पुढे केलं की हमखास येणारी वाक्यं म्हणजे "हे साहेब लोकांचं की हो" आणि "आमचे आजोबा असलंच कायतरी लावायचे".

नाक स्वभाव ओळखत नाही, आधी कुठे हुंगलं होतं ते ओळखतं. युरोपात मिरी, लवंग, जायफळ शतकानुशतकं समुद्रापलीकडून येणारा महागाचा माल होता, म्हणून तिकडच्या बाटलीत मसाला म्हटलं की साहस आणि दूरदेश. आपल्याकडे तो फडताळातल्या डब्यात. जायफळ म्हटलं की पुरण आठवतं, लवंग म्हटलं की दुखरी दाढ. (दाढेचं उगाच नाही. लवंगेतलं युजेनॉल दातांचे डॉक्टर अजून वापरतात, आणि परफ्यूममधल्या लवंगेच्या वासामागेही बहुधा तेच असतं.) चंदन म्हणजे सहाण, देवघर, कपाळावरचं गंध. वाळा म्हणजे माठातलं पाणी. या सगळ्यांतून जो पुरुष उभा राहतो तो घरातला वडीलधारा असतो.

निपाणीत गोष्ट आणखी वेगळी. परदेशी परफ्यूममध्ये 'टोबॅको' मधासारखा, टोंका बीन नावाच्या सुगंधी बीच्या गोडीत मुरवलेला असतो आणि त्यातून क्लबातला खानदानी माणूस सुचवायचा असतो. निपाणीच्या माणसाला तंबाखू म्हणजे वखार, शिंका आणणारी धूळ, विडी वळणाऱ्या बायकांची बोटं आणि दरासाठी 1981 साली पेटलेलं आंदोलन. तिकडच्या गिऱ्हाइकाला मी ती बाटली स्वतःहून दाखवत नाही. मागितली तर देतो.

आता 'पुरुषी'चं. मसालेदार वास म्हणजे मर्दानी, हे समीकरण अगदी अलीकडचं आहे. ज्या ओल्ड स्पाइसवरून आपण अजून 'वडिलांचा दाढीचा वास' म्हणतो, ते 1937 साली शल्टन कंपनीनं आधी बायकांसाठी आणलं. पुरुषांचं त्याच्या पुढच्या वर्षी आलं. आणि आपल्या अत्तरांत तर पुरुष गुलाब, मोगरा, हिना बिनदिक्कत लावत आले आहेत. लग्नात मनगटाला गुलाबाचं अत्तर लावून घेताना कुठल्या मामांनी हात मागे घेतलेला मला तरी आठवत नाही. त्यामुळे 'हे लावलं की मी पुरुषी दिसेन' एवढ्यासाठीच घेणार असाल तर पैसे राहू द्या.

शोभण्याबद्दल बोलायचं तर या एकाच घराण्यात दोन स्वभाव आहेत, आणि ते दुकानदारही नीट सांगत नाहीत. एक कोरडा: वाळा, देवदार, मिरी, वर थोडी संत्र्याची साल. 2006 साली जाँ-क्लोद एलेना यांनी बनवलेलं तेर द'एर्मेस हे परफ्यूम त्याचा नमुना. हे लावणारा माणूस कमी बोलणारा, इस्त्रीचा शर्ट घालणारा, वेळेवर येणारा वाटतो. दुसरा गोड आणि गरम: दालचिनी, केशर, तंबाखू; 2012 चं स्पाइसबॉम्ब त्यातलं. हा माणूस मैफलीतला, जवळ येऊन बोलणारा. तुमची नोकरी नवी आहे, शेजारच्या टेबलावर कोण बसणार हे तुमच्या हातात नाही, तेव्हा कोरड्यातलं घ्या. दुसरं डिसेंबरच्या थंडीत, संध्याकाळच्या लग्नाला काढा. तिथे ते फार छान लागतं.

पावसाचंही बघा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे, त्यातही खानापूर-जांबोटीच्या बाजूला, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. दमट, खिडक्या लावलेल्या ऑफिसात दालचिनी-व्हॅनिलाचा घमघमाट नकोसा होतो, आणि ओलसर शर्टावर मारला तर विचारूच नका. एप्रिलच्या उन्हात वास भराभर उडतो, सुरुवातीलाच अंगावर येतो आणि दुपारपर्यंत मावळतो. दोन्ही वेळा एक-दोन फवारे पुरेत.

'अस्सल चंदन' म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर सावध राहा. कर्नाटकात 2001 पर्यंत स्वतःच्या शेतात उगवलेलं चंदनाचं झाडसुद्धा सरकारचं असायचं. आता झाड मालकाचं झालं तरी तेल सोन्याच्या तोऱ्यातच आहे. परवडणाऱ्या बाटलीतलं चंदन बहुतेक प्रयोगशाळेतलं असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त भाव त्या हिशोबानं द्या.

घेताना कागदी पट्टीवरून ठरवू नका. पट्टीवर मिरी आणि संत्रं तेवढं कळतं, आणि ते तर अर्ध्या तासात उडून जातं. दिवसभर तुमच्याबरोबर राहणार ते खालचं लाकूड. मनगटावर एक फवारा घ्या, चोळू नका, गणपत गल्लीत तुमची कामं उरका आणि दोन-तीन तासांनी हुंगा. तोपर्यंत तुमचं स्वतःचं नाक त्या वासाला सरावलेलं असेल, म्हणून घरी कुणाला तरी हात पुढे करून विचारा. आई "देवाला गेलतास काय?" म्हणाली तर चंदन जास्त आहे, दुसरी बाटली बघा. लहान दहा मिलीची मिळत असेल तर आधी तीच घ्या.