आधी भाजी गार करा, मग बारदानाचं बघू

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. राजगुरुनगरकडच्या तुमच्या गटाची भाजी आठवड्यातून दोनदा पुण्यातल्या सोसायट्यांत जाते. ग्राहक म्हणतात प्लास्टिक नको. मेथी-कोथिंबीर दारात पोचेपर्यंत मान टाकते. आणि एक व्यापारी 'शंभर टक्के विघटनशील' पिशव्या घ्या म्हणून मागे लागलाय. पिशवीचा मुद्दा तुम्ही सगळ्यात वर लिहिलाय. मी तो मागे ठेवतो. भाजी भरताना ती किती तापलेली आहे आणि भांडं तुमच्याकडे परत येणार का, या दोन गोष्टी ठरल्या की पिशवीचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

तोडल्यावरही भाजीचं श्वसन चालूच असतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. कांदा-बटाटा निवांत असतात. मेथी, कोथिंबीर, पालक, भेंडी यांचं श्वसन जोरात चालतं, आणि पालेभाजीच्या पानांतून पाणीही भराभर उडतं. आता दहा-अकराला उन्हात उपटलेली मेथी कुठल्याही पिशवीत कोंबा. प्लास्टिक असेल तर आत घाम सुटून पानं काळी पडतील, कागद असेल तर तो ओला होऊन फाटेल, कापड असेल तर जुडी सुकेल. दोष पिशवीला लागतो, पण बिघडलेलं असतं शेतातच.

म्हणून पालेभाजी उजाडताना काढा, बांधावर ढीग न करता लगेच सावलीत आणा, मुळांची माती झटका. जुडी रबराऐवजी केळीच्या सोपटाने बांधा. रबर देठात रुततं आणि तिथूनच सड सुरू होते. क्रेटमध्ये जुड्या आडव्या रचण्यापेक्षा उभ्या लावा, वर ओलं करून पिळलेलं गोणपाट टाका. पिळलेलं म्हणजे पिळलेलंच, निथळणारं नको. पानांवर पाणी मारून क्रेट गच्च भरण्याची बाजारातली सवय वजनाला बरी, ग्राहकाला वाईट.

गटाकडे थोडी जागा असेल तर शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे पुसाला, तयार झालेली ही जुनी रचना आहे: विटांच्या दोन भिंती, मधल्या साधारण तीन इंचांच्या फटीत वाळू, वर गवताचं झाकण, आणि सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवणं. वीज लागत नाही. कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी खाली राहतं आणि हवा दमट असते. पावसाळ्यात मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, कारण बाहेरची हवाच ओली असली तर पाणी उडणार कुठे? आदल्या संध्याकाळी तोडलेली भेंडी, गवार, वांगी रात्रभर त्यात ठेवली तर सकाळी टेम्पोत गार माल चढतो. काकडी, भेंडी, वांगी, टोमॅटो मोठ्या फ्रिजमध्ये चार-पाच अंशांवर ठेवण्याचा मोह टाळा. थंडीने त्यांना इजा होते, डाग मागून उमटतात आणि तक्रार तुमच्याकडे येते.

आता आवरणाकडे. काकडीवरून युरोपात दोन हिशेब झालेत आणि निष्कर्ष वरवर उलटे दिसतात. स्वित्झर्लंडच्या एम्पा या संशोधन संस्थेने स्पेनहून येणाऱ्या काकडीचा हिशेब मांडला. एक काकडी वाया गेली तर पर्यावरणावर जो भार पडतो, तो 93 काकड्यांच्या प्लास्टिक आवरणाएवढा, म्हणजे तिथे ते पातळ आवरण फायद्याचं. ब्रिटनच्या रॅप या संस्थेने 2022 मध्ये सफरचंद, केळी, ब्रोकोली, काकडी आणि बटाटे घरात कसे टिकतात ते पाहिलं. आवरणाने फारसा फरक पडत नव्हता, फ्रिजने पडत होता, आणि सुटा माल घेणारी माणसं लागेल तेवढंच घेत असल्याने नासाडीही कमी होत होती. दोन्ही खरं मानायला मला अडचण दिसत नाही. एकात काकडीचा लांबचा प्रवास आहे, दुसऱ्यात घरातले दिवस. तुमची काकडी सकाळी निघून त्याच दिवशी ताटात जाते. तिला कशातही गुंडाळू नका.

मग वाहतूक कशात? माझं मत ठाम आहे: प्लास्टिकचे क्रेट. ग्राहकांपैकी कोणीतरी नाक मुरडेल, मुरडू दे. बाजारातला तो नेहमीचा वीस किलोचा जाळीचा क्रेट वर्षानुवर्षं फिरतो आणि एकावर एक रचला तर भार कडांवर पेलतो, मालावर येत नाही. गोणीत किंवा करंडीत वरचं वजन खालच्या टोमॅटोवरच बसतं. लुधियानाच्या सिफेट या संस्थेने 2015 मध्ये काढणीनंतरच्या नुकसानीचे देशभरातले आकडे दिले, त्यात टोमॅटोचं नुकसान 12.44 टक्के होतं आणि पेरूचं 15.88. हे सगळं काही पॅकिंगमुळे नाही, पण दाबणं, घासणं, उचलून आपटणं याचा त्यात मोठा वाटा असतो. पिकलेला टोमॅटो असेल तर क्रेट काठोकाठ भरू नका, अर्धा-पाऊणच भरा. तळाला कोरा, छपाई न झालेला कागद अंथरा. रद्दीचं वर्तमानपत्र नको; 2018 च्या अन्नसुरक्षा नियमांतच खाद्यपदार्थ त्यात ठेवायला आणि गुंडाळायला मनाई आहे, आणि ओल्या मेथीला शाई सगळ्यात आधी लागते.

क्रेट परवडतो तो परत आला तरच. इथे तुमचं नशीब चांगलं आहे: टेम्पो पुण्याहून रिकामाच येतो, त्यामुळे परतीचं भाडं वेगळं पडत नाही. क्रेटवर नंबर घाला, गटाचं नाव तापलेल्या सळईने डागा, सोसायटीच्या ज्या बाई वाटप बघतात त्यांच्याकडे वही ठेवा. अनामत घ्यायला लाजू नका. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात कोणीही सांगेल, मोकळा क्रेट हातोहात गायब होतो. आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने घासा, वाऱ्यावर वाळवा आणि सावलीत ठेवा. सतत उन्हात पडलेला क्रेट तडकतो.

हेच जर तुम्ही दिल्लीला माल पाठवत असता तर मी क्रेट सांगितला नसता. भांडं परत येत नसेल तिथे पुठ्ठ्याचा खोका बरा, पण तोही बघून घ्या. दमट शीतगृहात पुठ्ठा नरम पडतो, म्हणून जाड प्लायचा, म्हणजे कागदाचे जास्त थर असलेला हवा. हवेची भोकं कोपऱ्यांजवळ नकोत, कारण खोक्याची सगळी ताकद कोपऱ्यांत असते. मेण किंवा प्लास्टिकचा थर दिलेला असेल तर रद्दीवाला तो घेणार नाही, मग 'कागदी' असण्याला काय अर्थ?

घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यासाठी मी नवीन कापडी पिशव्या शिवून घ्या असं म्हणणार नाही. कापसाला पाणी आणि खत किती लागतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. बचत गटाकडून जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून घ्या, प्रत्येक घराला दोन: एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. पालेभाजीसाठी आत सुती फडकं. पेरू, सीताफळ, चिकू यांना खाकी कागदाची पिशवी चालते. चिकू, आंबा, केळी, पिकलेले टोमॅटो मात्र काकडी आणि पालेभाजीसोबत एकाच पिशवीत भरू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि शेजारची मेथी पिवळी पडते. भेंडीला घासणं सोसत नाही, शिरा काळ्या होतात, म्हणून ती सगळ्यात वर. आणि जांभळं-करवंदं आलीच तर पळसाच्या द्रोणाला तोड नाही. लोणावळा-कर्जतच्या बाजूला रेल्वेत बायका तशीच विकतात. ती त्याच दिवशी खाल्ली जातात म्हणून द्रोण पुरतो.

आता तुमचे 'शंभर टक्के विघटनशील' व्यापारी. त्यांना दोन प्रश्न विचारा. पहिला: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र कुठे आहे? कंपोस्ट होणाऱ्या पिशवीला ते लागतं आणि पिशवीवर त्याची नोंद असावी लागते. दुसरा प्रश्न: ही कुजणार कुठे? मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या अशा बहुतेक मालाला औद्योगिक कंपोस्टाची, अठ्ठावन्न-साठ अंशांच्या आसपासची टिकून राहणारी उष्णता लागते. सोसायटीच्या खड्ड्यात ती नसते. रद्दीत गेली तर चांगल्या प्लास्टिकचा पुनर्वापरही बिघडवते. साध्या प्लास्टिकमध्ये द्रव्य मिसळून 'आपोआप विरघळणारी' म्हणून विकतात, ती तर नकोच. तिचे फक्त तुकडे होतात आणि युरोपीय संघाने त्या प्रकारावर बंदी घातलीय. शिवाय महाराष्ट्रात 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेपासून पिशव्यांचे नियम कडक आहेत. दंडाची पावती फाडली जाईल ती गटाच्या नावाने, व्यापाऱ्याच्या नाही.

याच धाग्यात निफाडच्या दादांनी निर्यातीच्या द्राक्षांबद्दल विचारलंय, म्हणून थोडक्यात. युरोपीय संघाच्या नव्या नियमानुसार दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या ताज्या फळांना आणि भाज्यांना एकदाच वापरायचं प्लास्टिक 1 जानेवारी 2030 पासून चालणार नाही. पाणी उडणं किंवा मार बसणं टाळायला ते गरजेचं असेल तर सदस्य देशांना सूट देता येते, त्यामुळे द्राक्षांचं नक्की काय होईल ते देशागणिक ठरेल. ब्रिटन या नियमाबाहेर आहे. कागदी पनेट, म्हणजे द्राक्षं भरायची छोटी डबी, लावायचं तर एक बघा: पुठ्ठा द्राक्षाचा ओलावा शोषतो, काड्या लवकर सुकतात, आणि बुरशी रोखायला खोक्यात ठेवतात तो सल्फर डायऑक्साइडचा पॅड ओलाव्यावरच काम करतो. लायनर (खोक्याच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर), पॅड आणि पनेट तिन्ही मिळून एक खोका शीतगृहात प्रवासाइतके दिवस ठेवून बघा, मग आयातदाराला होकार द्या.

ताई, तुम्ही टेम्पो किती वाजता सुटतो आणि मेथी किती वाजता उपटता हे लिहिलं नाहीये. तेवढं सांगा, आणि उपटल्यावर ती कुठे ठेवता तेही. पुढचं त्यावर बोलू. पिशव्यांची ऑर्डर तोवर देऊ नका.