नॉझलच्या तोंडाशी दाब द्यावा का?

प्रश्न : अभिसारी-अपसारी (आधी निमुळत्या, मग रुंदावणाऱ्या) नॉझलमधल्या हवेचं सिम्युलेशन करतोय. तोंडाचं (हवा बाहेर पडते त्या टोकाचं) क्षेत्रफळ गळ्याच्या (सगळ्यात अरुंद जागेच्या) 1.69 पट. प्रवेशाला 5 बार एकूण दाब (हवा थांबवली तर भरेल तो) आणि वेग, तोंडाशी 1 बार दिलाय. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) कमी न होता नुसते नाचतात. (एम.टेक. विद्यार्थी)

उत्तर : आधी प्रवेशाला दिलेला वेग काढून टाका. गळ्यात हवा ध्वनिवेगाला पोचली (तिथला दाब एकूण दाबाच्या 0.528 पट, म्हणजे 2.64 बार) की किती हवा जाणार ते गळाच ठरवतो, तुमचा आकडा त्याच्याशी भांडत बसतो. एकूण दाब, एकूण तापमान आणि दिशा एवढंच द्या.

तोंडाशी खरी गोम आहे. तिथे माख 2 (तिथल्या ध्वनिवेगाच्या दुप्पट वेग) येतो, दाब साधारण 0.64 बार. स्वनातीत (ध्वनीहून वेगवान) प्रवाहात बाहेरची खबर उलटी आत जात नाही, मग 1 बार लादायचा कुणावर? तोंडाशी दाब, वेग, तापमान सगळं आतल्या प्रवाहातूनच घ्या. मात्र सुरुवातीला प्रवाह मंद असतो, तेव्हा दाब लागतोच. म्हणून प्रत्येक सेलचा (जाळीतल्या कप्प्याचा) माख पाहून अट बदलणारी सीमा निवडा. बाहेरचा झोतही हवा असेल तर डोमेन (सिम्युलेशनमध्ये घेतलेली जागा) चांगलं लांब ओढा आणि 1 बार तिथे, दूर द्या.

आणि हो, दाब निरपेक्षच (निर्वातापासून मोजलेला) भरलाय ना? मी एकदा गेज दाब (वातावरणाच्या दाबाहून किती जास्त तो) भरून दोन दिवस शॉक (दाबाची एकदम उडी) शोधत बसलो होतो.