टेक्ससमध्ये घराचा आणि गाडीचा विमा : लोकांचे अनुभव कसे तोलावेत

तुम्ही डॅलसच्या उत्तरेला, प्लेनोच्या आसपास, नोकरीनिमित्त येत आहात. सुरुवातीला अपार्टमेंट, वर्षभरात जमले तर स्वतःचे घर आणि आल्याबरोबर एक गाडी, असा तुमचा बेत आहे. ओळखीच्या चार जणांनी चार वेगवेगळ्या विमा कंपन्यांची शिफारस केली, ऑनलाइन पाहिले तर त्याच चार कंपन्यांना लोकांनी शिव्याही घातलेल्या दिसल्या, तेव्हा नेमके कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारले आहे. मी कोणत्याही कंपनीचे नाव सुचवणार नाही. नाव सांगणे सोपे आहे, पण माझ्या घराला, माझ्या छपराला आणि माझ्या पिनकोडला लागू पडलेले उत्तर तुम्हाला लागू पडेलच असे नाही. अनुभव कोणाचा ऐकावा आणि त्यातला कोणता भाग बाजूला काढून ठेवावा, हे मात्र सविस्तर सांगतो.

सर्वांत आधी हे लक्षात घ्या की अमेरिकेत विम्यावर देखरेख प्रामुख्याने राज्यांची असते, केंद्राची नव्हे. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने ही व्यवस्था पक्की केली. त्यामुळे एकाच नावाच्या कंपनीचे दर, पॉलिसीची कलमे आणि दावे हाताळणारी माणसे राज्यागणिक बदलतात. न्यू जर्सीतल्या तुमच्या मित्राचा अनुभव खरा असेल, पण तिथे डॅलससारखा गारांचा मारा होत नाही, गाडीच्या विम्याचे नियमही निराळे आहेत, म्हणून त्याच्या शिफारशीला तुम्ही फारसे वजन देऊ नये. अनुभव टेक्ससचा हवा, आणि घराच्या बाबतीत तर शक्यतो डॅलस परिसराचाच हवा.

दुसरी चाळणी याहून महत्त्वाची आहे. 'आम्ही दहा-पंधरा वर्षे याच कंपनीकडे आहोत, कधी त्रास नाही,' असे सांगणारी माणसे तुम्हाला पुष्कळ भेटतील. त्यांना नम्रपणे एकच विचारा : या काळात दावा किती वेळा केला? बहुतेकांचे उत्तर 'एकदाही नाही' असे येते, म्हणजे त्यांचा अनुभव हप्ता भरण्याचा आणि मोबाइलवरचे ॲप वापरण्याचा असतो, विम्याचा नव्हे. हप्ता वाढल्याबद्दलच्या तक्रारीही मी बाजूला ठेवतो, कारण गेल्या काही वर्षांत टेक्ससमध्ये हप्ते जवळजवळ सर्वांचेच वाढले आहेत आणि त्यावरून कंपन्यांमध्ये डावे-उजवे करता येत नाही.

दावा केलेल्यांच्या कहाण्या ऐकतानाही कंपनीचा दोष आणि पॉलिसीचा दोष वेगळा काढावा लागतो, आणि घोडे नेमके इथेच पेंड खाते. उदाहरण घ्या. घराचा विमा ४,००,००० डॉलरचा आहे आणि वारा व गारांसाठीचा डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून सोसायचा भाग, २ टक्के आहे. हे २ टक्के नुकसानीवर नव्हे तर घराच्या विमा रकमेवर मोजले जातात, म्हणजे ८,००० डॉलर. गारांनी छप्पर गेले आणि ते बदलण्याचा खर्च १८,००० डॉलर निघाला, तर पूर्ण बदलखर्च देणाऱ्या पॉलिसीत मालकाला १०,००० डॉलर मिळतील. पण छपरापुरती पॉलिसी घसारा, म्हणजे वयोमानाने घटलेली किंमत, वजा करून पैसे देणारी असेल आणि छपराचे निम्मे आयुष्य संपले म्हणून ९,००० डॉलर घसारा धरला गेला, तर त्याच मालकाच्या हाती जेमतेम १,००० डॉलर पडतील. तो मनुष्य रागाने एक तारा देऊन कंपनीने लुबाडले असे लिहितो. त्याचा राग समजण्यासारखा आहे, तरी कंपनीने कराराबाहेरचे काही केलेले नसते. हप्ता कमी दिसावा म्हणून एजंटने ते कलम घातले आणि घेताना ते कोणी वाचले नाही, एवढेच. गारांनी पन्हळीच्या किंवा पत्र्याच्या नुसत्या रूपाचे नुकसान झाले तर पैसे न देण्याचे एक कलमही इथे आढळते, तेही याच जातीचे. म्हणून घराच्या कोटमध्ये, म्हणजे कंपनीने कळवलेल्या हप्त्याच्या अंदाजात, वारा-गारांचा डिडक्टिबल १ टक्का आहे की २, आणि छपराचा पूर्ण बदलखर्च मिळतो की घसारा वजा करून, हे दोन मुद्दे सर्व कंपन्यांकडून सारखे करून घ्या आणि मगच हप्ते शेजारीशेजारी ठेवा.

कंपनीची खरी वागणूक दिसते ती त्यानंतर. आमच्या वस्तीत एका वसंतात मोठ्या गारा पडल्या तेव्हा गल्लीतल्या बहुतेक घरांनी एकाच आठवड्यात दावे केले आणि सगळ्या कंपन्यांचे कामकाज जवळून पाहायला मिळाले. माझ्याकडे आलेला ॲडजस्टर, म्हणजे नुकसान तपासणारा कंपनीचा माणूस, शिडी लावून छपरावर चढला, प्रत्येक उतारावर खडूने दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन आखला, त्यातल्या गारांच्या खुणा खडूने गोल करून मोजल्या, फोटो काढले आणि खाली उतरून कोणत्या उतारावर किती खुणा आहेत हे मला दाखवून मगच निघाला. पलीकडच्या शेजाऱ्यांच्या कंपनीने परराज्यातून कंत्राटी माणूस पाठवला होता. तो आपल्या राज्यात परतल्यावर त्यांची फाइल आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे गेली आणि प्रत्येक नव्या माणसाला त्यांना सगळी कथा पहिल्यापासून ऐकवावी लागली. दोघांनाही अखेरीस पैसे मिळाले. पण पुढच्या वर्षी त्यांनी कंपनी बदलली, मी बदलली नाही. म्हणून अनुभव विचारताना 'किती पैसे मिळाले' यापेक्षा 'फाइल किती जणांच्या हातून गेली आणि फोन कोण उचलत होते' हे विचारा. दुसऱ्या धनादेशाबद्दलही विचारा : बदलखर्च देणाऱ्या पॉलिसीतही घसाऱ्याची रक्कम आधी रोखून धरतात आणि काम पूर्ण झाल्याची बिले दिल्यावर सोडतात. हा दुसरा धनादेश विनासायास आला की त्यासाठी महिनोन्‌महिने पाठपुरावा करावा लागला, यातून कंपनी नीट कळते. घरावर कर्ज असेल तर धनादेशावर तुमच्या नावासोबत कर्ज देणाऱ्या संस्थेचेही नाव असते आणि तिची सही मिळवण्यात वेळ जातो. हा उशीर पुष्कळ जण चुकून विमा कंपनीच्या माथी मारतात.

उशिराच्या तक्रारी तोलण्यासाठी टेक्ससचा कायदाच मोजपट्टी म्हणून वापरता येतो. दाव्याची सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांत कंपनीने पोच देऊन चौकशी सुरू केली पाहिजे, मागितलेली सगळी कागदपत्रे हाती आल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत दावा मान्य की अमान्य हे लेखी कळवले पाहिजे, आणि मान्य केल्याचे कळवल्यावर कामकाजाच्या ५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. अधिक वेळ हवा असल्यास तिला त्याचे कारण कळवावे लागते, आणि मोठ्या हवामान आपत्तीनंतर या मुदतींत आणखी १५ दिवसांची भर पडते. हे डोक्यात ठेवून वाचलेत तर 'आठवडा झाला तरी पैसे नाहीत' हा त्रागा आणि 'दोन महिने झाले तरी साधे पत्र नाही' ही गंभीर तक्रार, यांतला फरक आपोआप दिसेल. फेब्रुवारी २०२१ च्या कडाक्याच्या थंडीत टेक्ससभर असंख्य घरांतले नळ फुटले होते. त्या वेळी दावा केलेला कोणी भेटला तर त्याचे अवश्य ऐका, कारण एकाच वेळी लाखो दावे आल्यावर कंपनी कशी वागते हे साध्या वर्षात कळत नाही.

ऐकीव कहाण्यांना आकड्यांची जोड द्या. राज्यांच्या विमा आयुक्तांची एनएआयसी ही राष्ट्रीय संघटना कंपनीनिहाय तक्रार निर्देशांक प्रसिद्ध करते. त्यात १ म्हणजे व्यवसायाच्या आकारमानाच्या मानाने सरासरी तक्रारी आणि २ म्हणजे दुप्पट. टेक्ससपुरते पाहायचे तर राज्याच्या विमा विभागाचे 'हेल्पइन्शुअर' हे संकेतस्थळ आहे. तिथे नमुन्याचे दर आणि तक्रारींची माहिती एकत्र मिळते. मात्र निर्देशांक जाहिरातीतल्या नावाचा नसतो, कायदेशीर कंपनीचा असतो. टेक्ससमध्ये एकाच समूहाचा घराचा विमा 'लॉइड्स' अशा शेपटीच्या कंपनीतून आणि गाडीचा विमा 'काउंटी म्युच्युअल' अशा नावाच्या दुसऱ्याच कंपनीतून दिलेला असू शकतो; स्टेट फार्म लॉइड्स किंवा प्रोग्रेसिव्ह काउंटी म्युच्युअल ही नावे त्यातलीच. म्हणून कोटवर बारीक अक्षरांत छापलेले पूर्ण नाव घेऊन शोधा, घर आणि गाडीसाठी वेगवेगळे. छोट्या कंपनीचा निर्देशांक चार-दोन तक्रारींनीही उसळतो, तेव्हा तिचे तीन वर्षांचे आकडे पाहावेत. जे.डी. पॉवर या ग्राहकांची मते आजमावणाऱ्या संस्थेच्या पाहण्यांमध्ये विमा खरेदीच्या समाधानाची पाहणी वेगळी आणि दाव्याच्या समाधानाची वेगळी असते; तुम्ही दुसरी पाहा. तिथे वारंवार दिसणारे यूएसएए हे नाव लष्करी सेवेतले लोक आणि त्यांच्या कुटुंबीयांपुरते असल्याने तुमच्या कामाचे नाही. विमा कंपन्यांना श्रेणी देणाऱ्या एएम बेस्ट या संस्थेची श्रेणी कंपनीची आर्थिक ताकद सांगते, सौजन्य नाही.

गाडीच्या विम्याबाबत अनुभव वाचताना आणखी एक गफलत होते. कंपनीला शिव्या देणाऱ्यांपैकी बरेच जण तिचे ग्राहकच नसतात. त्या कंपनीच्या ग्राहकाने त्यांची गाडी ठोकलेली असते आणि ते समोरच्या पक्षाकडून पैसे मागत असतात. त्यांचा आणि कंपनीचा करारच नसतो, त्यामुळे त्यांना मिळालेली वागणूक तुम्हाला मिळेल असे समजू नका. स्वतःच्या पॉलिसीवर दावा केलेल्यांचे ऐका : दुरुस्तीच्या काळात भाड्याची गाडी मिळाली का, आपल्या पसंतीच्या गॅरेजला कंपनीने खळखळ केली का. टेक्ससमध्ये गॅरेज निवडण्याचा अधिकार कायद्याने तुमचा आहे, म्हणून विशिष्ट गॅरेजचाच आग्रह धरणाऱ्या कंपनीविषयीची तक्रार मी गंभीर मानतो. तुमच्या चुकीने दुसऱ्यांचे होणारे नुकसान भरून देण्यासाठी राज्याची किमान अट एका जखमी व्यक्तीमागे ३०,०००, एका अपघातातल्या सर्व जखमींसाठी ६०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी २५,००० डॉलर एवढीच आहे. इथल्या रुग्णालयांची बिले आणि रस्त्यावरच्या गाड्यांच्या किमती पाहता ती अपुरी आहे; मी १,००,०००, ३,००,००० आणि १,००,००० खाली जाऊ नये असे म्हणेन. विमा नसलेल्या चालकाने ठोकल्यास मिळणारे संरक्षण आणि स्वतःच्या वैद्यकीय खर्चाचे संरक्षण नको असेल तर ते लेखी नाकारावे लागते. घाईघाईत त्या कागदांवर सही करू नका. गारांनी पत्र्याला पडलेले पोचे 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' (धडकेखेरीज इतर नुकसानीच्या) भागातून भरून मिळतात, 'कोलिजन'मधून (धडकेच्या भागातून) नव्हे.

भारतातला गाडी चालवण्याचा अनुभव काही कंपन्या धरतात, काही तुम्हाला सरसकट नवशिके ठरवतात, आणि यामुळे हप्त्यात मोठा फरक पडतो. एकाच कंपनीच्या एजंटपेक्षा अनेक कंपन्यांचे काम करणारा स्वतंत्र एजंट यात उपयोगी पडतो. टेक्ससला राहायला आल्यापासून ९० दिवसांत इथला परवाना काढावाच लागतो. तो हाती आल्यावर आणि पुढे कर्जफेडीचा थोडा इतिहास तयार झाल्यावर पुन्हा कोट मागवा. गाडीची पॉलिसी बहुधा सहा महिन्यांचीच असते, त्यामुळे पहिल्या कंपनीशी जन्माची गाठ बांधलेली नसते.

अपार्टमेंटसाठी भाडेकरूचा विमा घ्या. घरमालकाचा विमा तुमच्या सामानाला लागू होत नाही आणि बहुतेक भाडेकरारांत १,००,००० डॉलरच्या दायित्वाची, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणाऱ्या संरक्षणाची, अटही असते. हा विमा स्वस्त असतो, त्यात फार चिकित्सा नको. मात्र चोरीला गेलेल्या दागिन्यांसाठीची मर्यादा बहुतेक पॉलिसींत १,५०० डॉलरच्या आसपास असते, आणि त्यात दोन बांगड्याही बसत नाहीत. सोने आणणार असाल तर ते मूल्यांकनासह पॉलिसीत वेगळे नोंदवून घ्या.

घर घेताना पुराचा विमा वेगळा असतो हे विसरू नका; नेहमीच्या घराच्या पॉलिसीत तो नसतो. केंद्राच्या राष्ट्रीय पूर विमा योजनेत इमारतीला जास्तीत जास्त २,५०,००० आणि सामानाला १,००,००० डॉलरचे संरक्षण मिळते, आणि घरखरेदीच्या कर्जासोबत घेतला नसेल तर तो लागू होण्यास ३० दिवस लागतात. गारांनंतर दारावर येणारे छप्पर-कंत्राटदार 'डिडक्टिबल आम्हीच सोडून देतो' असे सांगतात. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्ससमध्ये ते बेकायदा आहे, आणि डिडक्टिबल भरल्याचा पुरावा मिळेपर्यंत कंपनी रोखलेला घसारा देण्याचे नाकारू शकते.

घर पक्के करण्यापूर्वी विक्रेत्याकडून त्या घराचा 'क्लू' अहवाल मागून घ्या. गेल्या सात वर्षांत त्या घरावर केलेले दावे त्यात असतात आणि तोच इतिहास पाहून कंपनी तुमचा हप्ता ठरवते. गारांचा दावा दिसत असेल तर छप्पर खरोखर बदलले गेले का, याची पावती मागा. छपराच्या वयाचा पुरावा हाती असेल तरच कोट मागवा. त्याशिवाय मिळालेला आकडा निरीक्षकाने घर पाहिल्यानंतर बहुधा बदलतो.